टेनिस एल्बोसाठी फिजिओने लेझरच्या १० सिटिंग सांगितल्या आहेत, घ्याव्यात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ५२ वर्षांची, गोव्यात डिचोलीला असते. तीन महिने उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखते आणि आदोळीवर (विळीवर) नारळ खवायला बसली की कळ मनगटापर्यंत जाते. फिजिओने टेनिस एल्बो सांगून लेझरचं पॅकेज दिलं. दोन सिटिंग झाल्या, पण आईला यंत्राचं काहीच जाणवत नाही. चतुर्थी दीड महिन्यावर आली आहे, तेव्हा पैसे वाया जातायत का?

काही जाणवत नाही म्हणजे यंत्र खोटं, असं नव्हे. कमी शक्तीचा लेझर ऊब देण्यासाठी नसतोच, शेकायचं काम हॉट पॅकचं. ह्या प्रकाशाचा परिणाम पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांवर होतो, हे आज सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण. शोध तसा अपघाती. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर उंदरांमधल्या गाठींवर लेझर मारून पाहत होते. गाठी गेल्या नाहीत, पण भादरलेल्या जागेवर केस मात्र लवकर उगवले.

मात्र ‘लेझरने बरं वाटतं का’ हा अर्धाच प्रश्न आहे. कुठल्या तरंगलांबीचा, किती जूल (म्हणजे किती ऊर्जा) आणि नेमका कुठे, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. टेनिस एल्बोच्या बाबतीत तर हे फार ठळकपणे दिसतं. नॉर्वेचे यान ब्योर्दाल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ह्या दुखण्यावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. ९०४ नॅनोमीटरचा लेझर थेट स्नायुबंध (टेंडन) हाडाला चिकटतो त्या जागी दिला, तिथे काही आठवड्यांपुरता दुखण्यात फरक पडला. अॅक्युपंक्चरच्या बिंदूंवर दिला, तिथे पडला नाही. ८२०, ८३० आणि १०६४ नॅनोमीटर वापरलेल्या चाचण्यांतही नाही. म्हणून पुढच्या सिटिंगला पहिली गोष्ट विचारा: यंत्र किती नॅनोमीटरचं?

दुसरी गोष्ट, दर बिंदूला किती जूल. लेझर थेरपीच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे वॉल्टच्या, तक्त्यात ९०४ साठी दर बिंदूला किमान १ जूल आणि ७८० ते ८६० साठी किमान ४ जूल आहेत. सतत चालणाऱ्या लेझरचा हिशेब सोपा: वॅट गुणिले सेकंद. १०० मिलिवॅटच्या प्रोबला (त्वचेला लावायच्या दांडीला) ४ जूल द्यायला ४० सेकंद लागतात. ९०४ चं यंत्र मात्र सलग प्रकाश न देता धडका (पल्स) देतं, आणि इथेच गफलत होते. समजा डब्यावर ‘२५ वॅट’ लिहिलंय. ती एका धडकेची कमाल शक्ती. धडक २०० नॅनोसेकंदांची आणि फ्रिक्वेन्सी सेकंदाला ५००० धडकांची असेल, तर सरासरी शक्ती भरते फक्त २५ मिलिवॅट, म्हणजे २ जूलला ८० सेकंद. तेच यंत्र कोणी १००० वर ठेवलं तर सरासरी ५ मिलिवॅटवर येते आणि त्याच २ जूलला ४०० सेकंद लागतात. फ्रिक्वेन्सी बदलली, वेळ तेवढीच ठेवली, की पाचवा हिस्सा डोस मिळतो आणि मग ‘लेझर लागू पडला नाही’ असं म्हणतात. काही यंत्रं हा हिशेब स्वतः करतात, काही करत नाहीत. उलट, जास्त दिला की जास्त गुण असंही नाही. एका मर्यादेपलीकडे परिणाम उतरतो, म्हणून ‘आज डबल देऊया’ म्हणणाऱ्याला नको म्हणा.

तिसरी गोष्ट, जागा. हात टेबलावर टेकलेला, कोपर काटकोनात, तळवा खाली. कोपराच्या बाहेरचं टोकदार हाड चाचपून त्याच्या किंचित पुढे-खाली सर्वांत दुखरा बिंदू शोधायचा आणि तिथे दोन-तीन बिंदू द्यायचे. प्रोब त्वचेला काटकोनात, हलका दाबून धरायचा. वरून हवेत फिरवला तर बराच प्रकाश परतून जातो. कपड्यावरून तर अजिबात नको.

घरून निघताना कोपराला खोबरेल किंवा बाम चोळू नका. तेलाचा थर आणि पावसाळ्यातला घाम पुसून, त्वचा कोरडी करूनच प्रोब लावायला हवा. प्रोबच्या तोंडावरची काच ओरखडलेली किंवा जेलने माखलेली असेल तर ती पुसायला सांगायला लाजू नका. अजून एक: ९०४ चा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. टोकाला दिसतो तो लाल ठिपका बहुतेक वेळा नुसती खूण असते. उपचाराचा डायोड, म्हणजे लेझर देणारा भाग, मंदावला तरी तो तसाच लुकलुकतो. डायोडची शक्ती वापराने घटते, म्हणून ती पॉवर मीटरने अधूनमधून मोजावी लागते. शेवटची कधी मोजली, एवढं विचारलं तरी समोरचं माणूस यंत्र कितपत जाणतं ते कळतं.

गॉगल दोघांनाही हवा, फक्त फिजिओला नव्हे, आणि त्यावर तुमच्या यंत्राची तरंगलांबी छापलेली हवी. उन्हाचा काळा चष्मा चालत नाही. बांगड्या, अंगठी काढायची ती प्रकाश परावर्तित होतो म्हणून. कर्करोगाच्या जागेवर, डोळ्यांवर, थायरॉइडवर आणि गरोदरपणी पोटावर लेझर देत नाहीत. शरीरात प्लेट किंवा स्क्रू असेल तर शॉर्टवेव्ह डायथर्मी (रेडिओलहरींनी आतून शेक देणारं यंत्र) टाळतात, तसं ह्या लेझरचं नाही. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) साथीत कोणी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेत असेल तर सांगून ठेवा. तिची प्रकाशाला होणारी प्रतिक्रिया मुख्यतः अतिनील किरणांची असते, तरी फिजिओला माहीत असलेलं बरं.

क्लिनिकवाले ‘हाय-पॉवर लेझर’ म्हणत असतील तर प्रकरण वेगळं. अर्ध्या वॅटच्या वरचा तो लेझरच्या सुरक्षा-वर्गांपैकी चौथ्या वर्गाचा. त्यात ऊब लागते, प्रोब सतत फिरता ठेवावा लागतो, आणि सावळ्या त्वचेवर किंवा गोंदणावर एका जागी थांबला तर भाजतं. मधुमेहाने हाताची संवेदना कमी असेल तर तो नको.

आता माझं स्पष्ट मत. निव्वळ लेझरच्या १० सिटिंगचं पॅकेज मी घेऊ देणार नाही. व्यायामासोबत असेल तर घ्या. लेझर दुखणं उतरवतो, स्नायुबंधाला भार पेलायला शिकवत नाही. पहिले दोन आठवडे: हात टेबलावर, तळवा खाली, मनगट काठाबाहेर, मुठीत पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली. मनगट सरळ धरून ३० ते ४५ सेकंद थांबायचं, मध्ये मिनिटभर विश्रांती, असं चार-पाच वेळा रोज. १० पैकी ३-४ इतकी कळ चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेली असेल तर वजन कमी करा. मग त्याच बाटलीने, डाव्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यायचं आणि उजव्याने तीन सेकंदांत हळू खाली सोडायचं, १० ते १५ वेळा, तीन फेऱ्या.

लेझर एकतर दोन आठवडे रोज, नाहीतर दिवसाआड तीन-चार आठवडे. ‘जमेल तेव्हा या’ म्हणून आठवड्यातून एकदा दिलेला मला निरर्थक वाटतो. फरक आईच्या ‘बरं वाटतंय’वर मोजू नका. बीपीच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून २० पर्यंत फुगवायचा, कोपर सरळ ठेवून आईने तो दाबायचा आणि कळ सुरू होताच थांबायचं. काटा कितीवर गेला तो आकडा पहिल्या दिवशी लिहून ठेवा. पाच-सहा सिटिंगनंतर तो हलला नसेल तर उरलेल्या घेऊ नका. पैसे आधी भरणार असाल तर परतीचं त्या दिवशीच ठरवून घ्या. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने दुखणं लवकर पळतं, पण वर्षभराने पाहिलं तर इंजेक्शन न घेतलेलेच बरे असतात, त्यामुळे सणाच्या घाईत तिकडे वळू नका. बोटांना मुंग्या येत असतील किंवा मान वळवली की हातात कळ जात असेल तर मान तपासून घ्या, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिल्हा इस्पितळात.

चतुर्थीचं म्हणाल तर दीड महिन्यात कोपर पूर्ण बरं होईल ह्या भरवशावर राहू नका. अशी दुखणी बहुतेकदा वर्षभरात जातात, पण सावकाश. आदोळीवर कवड (नारळाची अर्धी वाटी) मुठीत आवळून मनगट पुनःपुन्हा वळवावं लागतं, तोच भार नेमका ह्या स्नायुबंधावर येतो. नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण करायचं असेल तर खोबरं दुसऱ्या कोणी खवावं, किंवा तुकडे करून मिक्सरला फिरवावं. आईने नेवऱ्या भराव्यात; कडेला मुरड घालायचं काम मात्र पाच-सहा नेवऱ्यांनंतर दुसऱ्याकडे द्यायचं.