माध्यमांची नीतिमत्ता शिकवता येते का? आणि त्यात संशोधन कशाचं करतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: वर्गात माध्यमनीती शिकवून कुणी चांगला पत्रकार होतो का, आणि पत्रकारितेचे प्राध्यापक ‘माध्यमं आणि नागरी हक्क’ या विषयात संशोधन करतात म्हणजे नेमकं काय करतात. मी हाच विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खोटं छापू नये, पाकीट घेऊ नये, पैसे घेऊन बातमी लावू नये, एवढीच नीतिमत्ता असती तर एका तासात विषय संपला असता. खरा अवघड भाग पुढे आहे. एकही वाक्य खोटं न छापता एखादं दैनिक किंवा वाहिनी एका अख्ख्या समाजावर वर्षानुवर्षं अन्याय करू शकते. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी मुलांसमोर अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन शहर ठेवतो.

डब्ल्यूएलबीटी हे तिथलं टीव्ही केंद्र. त्याच्या मुख्य प्रक्षेपणक्षेत्रातले सुमारे ४५ टक्के लोक कृष्णवर्णीय होते, पण पडद्यावर ते जवळपास दिसतच नसत. १९५५ मध्ये थर्गुड मार्शल एनबीसी या राष्ट्रीय वाहिनीच्या कार्यक्रमात बोलत होते, तो हे केंद्र दाखवत होतं. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा खटला आदल्याच वर्षी जिंकलेले हे वकील. केंद्राने कार्यक्रम मध्येच तोडला आणि ‘केबलमध्ये बिघाड, क्षमस्व’ अशी पाटी लावली. वर्णभेद टिकवावा म्हणणाऱ्यांना मात्र वेळ मिळत होता. तक्रारी झाल्या, पण केंद्राचा परवाना काही गेला नाही. परवाना देणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची भूमिका अशी, की ज्याचं आर्थिक नुकसान होतं किंवा ज्याच्या प्रक्षेपणात अडथळा येतो त्यालाच परवान्याला हरकत घेता येईल. साध्या प्रेक्षकाला तो अधिकारच नाही!

मग १९६४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या ख्रिस्ती पंथाचे एव्हरेट पार्कर यांनी एक साधं, चिकाटीचं काम केलं. स्थानिक स्वयंसेवकांना तयार करून त्यांनी केंद्राच्या आठवडाभराच्या प्रक्षेपणाची गुपचूप नोंद करून घेतली. पडद्यावर कोण आलं, कुणाला बोलू दिलं, कुणाला नाही, असं सगळं. त्या नोंदी घेऊन ते हरकत घ्यायला उभे राहिले. १९६६ मध्ये न्यायालयाने प्रेक्षकांनाही बाजू मांडायचा हक्क आहे असं ठरवलं, आणि १९६९ मध्ये परवान्याचं नूतनीकरणच रद्द केलं. १९७२ मध्ये विल्यम डिलडे हे कृष्णवर्णीय गृहस्थ त्याच केंद्राचे महाव्यवस्थापक झाले.

संशोधन म्हणजे काय, याचं माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही. पार्कर यांच्या माणसांनी जे केलं त्याला आम्ही आशय-विश्लेषण म्हणतो. ‘माध्यमं पक्षपाती आहेत’ हे कट्ट्यावर कुणीही म्हणतं. नोंदवही समोर ठेवली की त्याचा पुरावा होतो.

वगळण्याचं आणखी एक उदाहरण अमेरिकेतल्याच केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहराचं. तिथल्या ‘हेरल्ड-लीडर’ या दैनिकाने ४ जुलै २००४ रोजी पहिल्या पानावर खुलासा छापला, की कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीचं वार्तांकन करायचं आमच्याकडून राहून गेलं, याबद्दल दिलगीर आहोत. नागरी हक्क कायदा होऊन तेव्हा ४० वर्षं झाली होती. तिथे हे नजरचुकीने घडलं नव्हतं, तेव्हाच्या व्यवस्थापनाने बातम्या ठरवून दाबल्या होत्या. मुलं हे वाचून अस्वस्थ होतात, आणि मला तेच हवं असतं, कारण पुढचा तास आपल्या घरचा असतो.

३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघालं. त्याची जाहिरात, तीही पैसे देऊन, ‘केसरी’ने छापली नाही. बाबासाहेबांनी पहिल्याच अंकात लिहिलं होतं, की मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रं विशिष्ट जातींचं हित पाहतात. त्यानंतर मी खैरलांजीवर येतो. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांमध्ये अनैतिक संबंधांची कुजबुज बातमी म्हणून आली. देशाचं लक्ष गेलं ते लोक रस्त्यावर उतरल्यावर. मी मुलांना तेव्हाच्या बातम्यांची कात्रणं देतो आणि प्रत्येक वाक्याखाली ‘हे कुणी सांगितलं?’ असं लिहायला लावतो. पोलीस, पोलीस, गावकरी, पुन्हा पोलीस. मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांचं म्हणणं शोधावं लागतं.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, ‘सर, दोन्ही बाजू द्यायच्या ना?’ द्यायच्याच. पण एका बाजूला माणूस म्हणून जगण्याचा हक्क आणि दुसऱ्या बाजूला तो नाकारणारी ताकद असेल, तर दोघांना सारख्या ओळी देणं म्हणजे निःपक्षपात नव्हे, असं माझं ठाम मत आहे. आणि हक्क आरोपीलाही असतात. गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी ‘नराधम’ असा मथळा देणाऱ्या उपसंपादकालाही मी तितक्याच कडकपणे गुण कापले असते. बलात्कारपीडितेची ओळख उघड करू नये हे तर कायद्यातच आहे, तरी ‘अमुक गावच्या सरपंचाची पुतणी’ असं लिहून नाव न घेता ओळख पटवून दिली जाते.

चांगला पत्रकार घडतो का, याचं उत्तर असं: स्वभाव बदलेल याची हमी मी देत नाही. पण रात्री डेडलाइनला पोलिसांची प्रेसनोट हातात आली की ‘दुसऱ्या बाजूला कुणी फोन केला का?’ हा प्रश्न सवयीने तोंडात यावा, इतकं नक्की शिकवता येतं. माझे काही जुने विद्यार्थी डेस्कवर तो विचारतात, हे मला त्यांच्या सहकाऱ्यांकडून कळतं तेव्हा फार बरं वाटतं.

तुम्हाला स्वतःला संशोधन करायचं असेल तर विषय लहान घ्या. ‘माध्यमं आणि दलित’ असा विषय घेऊन येणाऱ्याला मी परत पाठवतो. ‘आमच्या जिल्ह्याच्या आवृत्तीत ॲट्रॉसिटीच्या बातम्यांमध्ये फिर्यादीचं स्वतःचं म्हणणं किती ओळी येतं’ हे मोजायचंय म्हणालात, तर ग्रंथालयातले बांधीव जुने अंक कसे मागायचे आणि नोंदवहीत कोणते रकाने आखायचे, इथून मी तुमच्यासोबत बसेन.