स्किझोफ्रेनिया उत्क्रांतीत गाळला का गेला नाही?

तुमचा प्रश्न असा: स्किझोफ्रेनिया (कानात आवाज येणं, भास-भ्रम होणं असा मनाचा गंभीर आजार) घराण्यात चालतो, अशा माणसांना मुलंबाळंही कमी होतात, मग हजारो वर्षांत तो नाहीसा का झाला नाही? त्यात काही छुपा फायदा आहे का? मी गडचिरोली जिल्ह्यात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. सिकलसेलचा विषय निघाला की वर्गातही हे हमखास विचारतात.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आमच्याकडे पोट्ट्यासोट्ट्यांनाही ठाऊक. एएस पॅटर्नवाल्याला, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच सिकलचा जीन आलेल्या वाहकाला, मलेरियाचा जीवघेणा तडाखा कमी बसतो, दोघांकडून जीन आलेला एसएसवाला मात्र हाडं-सांधे धरून कण्हतो. मलेरियाच्या मुलखात वाहक तगले, म्हणून जीन टिकला. हे इतकं नेटकं आहे की १९६४ साली ज्युलियन हक्सली, अर्न्स्ट मायर यांच्यासारख्या जीवशास्त्रातल्या दिग्गजांनीही स्किझोफ्रेनियाला हाच हिशेब लावला.

तो जुळला नाही. एक जीन नाहीच. २०२२च्या मोठ्या अभ्यासात गुणसूत्रांवर या आजाराशी जोडलेल्या २८७ जागा निघाल्या, बहुतेकींचा वाटा चिमूटभर. शिवाय लाभ असता तर तो निरोगी भावंडांत दिसला असता. स्वीडनच्या २०१३च्या अभ्यासात आजारी पुरुषांना इतरांच्या जेमतेम पावपट मुलं होती, बायकांना निम्म्याच्या आसपास. बहिणींना इतरांपेक्षा किंचित जास्त, पण तेवढ्यानं तूट भरत नाही.

‘असे लोक पूर्वी भगत, देवऋषी होत, त्यांना मान होता’ हेही लोक हौसेनं सांगतात. मला पटत नाही. आमच्या गावात अंगात येणारी बाई आरती संपली की केस बांधते आणि चहा मांडायला जाते. आजारी माणसाच्या कानातले आवाज आरती संपायची वाट पाहत नाहीत.

मला पटतं ते साधंच आहे. कपाशीत कितीही निंदण करा, डवरे फिरवा, तण पुन्हा उगवतंच. पण टिकून राहतं एवढ्यावरून ते पिकाला उपयोगी ठरत नाही. तसंच नैसर्गिक निवड जीनमधले घातक बदल काढत राहते, नवे येत राहतात. मेंदू घडवण्यात हजारो जीन गुंतलेले, त्यामुळे बिघाडाला जागाही भरपूर. २२व्या गुणसूत्राचा एक ठराविक तुकडा गळाला तर धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि बहुतेक वेळा आईबापांत तो तुकडा शाबूत असतो. बारीक परिणामाचे बदल तर निवडीच्या हाती लागतच नाहीत, ते तुमच्या-माझ्यातही आहेत.

विचारण्यामागे घरातली सोयरीक असेल तर एवढं ध्यानात घ्या: सख्ख्या भावाला आजार असला तर बहिणीला तो होण्याची शक्यता साधारण नऊ टक्के. एरवीपेक्षा बरीच जास्त, तरी शंभरात नव्वद जणी सुटतात. आणि पाहुणे सिकलसेलसारखा ‘रिपोर्ट दाखवा’ म्हणाले, तर याची तशी कुठलीच रक्ततपासणी नाही.