सर सारखे 'घरी लक्ष द्या' म्हणतात, आम्ही सातवी शिकलेले आईबाप नेमकं काय करू?

दादा, तुम्ही लिहिलंय की मुलगी झेडपी शाळेत दुसरीला आहे, वाचनात मागे आहे, शाळेत गेलं की तक्रारच ऐकावी लागते म्हणून जायची लाज वाटते, आणि क्लास लावू का. मी नाशिक जिल्ह्यात झेडपीच्याच शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, म्हणजे तुमच्या सरांच्याच बाजूची, तरी सांगते की 'घरी लक्ष द्या' हे वाक्य आम्ही शिक्षक घाईत असलो की फेकतो, त्यातून पालकाला काडीचं कळत नाही.

तेव्हा सरांनाच उलट विचारा, नेमकं अडतंय कुठं? अक्षरंच ओळखत नाही, की काना-मात्रा-वेलांटीत गडबडते, की जोडाक्षर आलं की थांबते, की शब्द वाचते पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. प्रथम संस्थेचे 'असर'वाले गावोगावी मुलांचं वाचन तपासतात त्यांच्याही पायऱ्या अशाच, अक्षर, शब्द, छोटा उतारा, मग गोष्ट. तुमची पोरगी कुठल्या पायरीवर आहे ते सरांना माहीत असतं, पण कुणी विचारतच नाही. ते कळलं की म्हणायचं, सर या आठवड्यात घरी एकच गोष्ट करून घेतो, कोणती करू? एकच हां, दहा सांगितल्या तर एकही होत नाही. आणि जायची वेळ बघून जा, शाळा सुटताना पाच मिनिटं बरी, खिचडी वाटपाच्या वेळी गेलात तर माणूस धड बोलणारच नाही.

घरी तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर एक सांगते. दुसरीतली बरीच पोरं बालभारतीचा धडा घडाघडा वाचतात आणि आईबाप खुश, पण ते वाचन नसतंच, वर्गात सगळ्यांनी मिळून म्हणून म्हणून पाठ झालेलं असतं, बोट एका ओळीवर आणि तोंड पुढच्या ओळीवर! मधलाच एखादा शब्द झाकून दाखवून विचारा, लगेच कळेल. मग पुस्तक ठेवा बाजूला आणि घरात पडलेली एखादी लग्नपत्रिका काढा. माझ्या मते याच्यासारखं वाचनाचं पुस्तक नाही, कारण नावं सगळी ओळखीची, त्यामुळे तुम्ही भाकरी खाता खाता नुसतं ऐकलं तरी पोरगी कुठं चुकली ते तुम्हाला कळतं, आणि जोडाक्षरं तर इतकी की विचारू नका. शेवटची 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ पोरं स्वतःहून दोनदा वाचतात. एसटीची पाटी, चहापत्तीचं पाकीट, सगळं चालतं. चुकली तर लगेच टोकू नका, वाक्य संपू द्या.

मंडळींना माता गटाबद्दल विचारायला सांगा. 2022 साली 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचं अभियान आलं, त्यात पहिलीत येणाऱ्या पोरांच्या आयांचे वस्तीवस्तीत गट केले होते, काही गावांत ते अजून नीट चालतात, काही ठिकाणी नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर उरलेत. आमच्याकडे आधी सभा दुपारी तीनला असायची, कांदा लागवडीच्या दिवसात रोज बुडवून कोण येणार, आणि आली नाही की म्हणायचं पालकांना काळजीच नाही. मग जेवणं उरकल्यावर मारुतीच्या पारावर बसायला लागलो तेव्हा बाया आल्या. त्यातली एक, सही सोडून काही लिहिता येत नाही तिला, पण पोराला सुट्टे पैसे देऊन दुकानात पाठवायची आणि आल्यावर हिशोब मागायची, त्याची हातच्याची वजाबाकी वर्गात सगळ्यात आधी पक्की झाली.

अजून एक, शाळा व्यवस्थापन समिती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तुमच्यासारख्या शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश लोक पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका. कागदावर असतातच, फक्त रजिस्टर घरी येतं आणि सही करून परत जातं. समिती नव्याने करायची वेळ आली की पालकसभेला जाऊन नाव द्या, शिक्षणाची अट नाही. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, शिक्षक कमी आहे किंवा संडासला पाणी नाही हे तिथे ठरावात घालता येतं, एकट्याने सरांशी भांडण्यापेक्षा ते बरं. (खाजगी विनाअनुदानित शाळांना ही समिती लागू नाही, तिथे शिक्षक-पालक संघ असतो.)

आणि क्लास, दुसरीला नको. तिथेही बहुतेक शाळेचाच गृहपाठ पुरा करून घेतात, वही भरते आणि वाचन आहे तिथेच राहतं. तरी लावलाच तर सर आणि क्लासवाली ताई दोघांना एकमेकांचा नंबर द्या, नाहीतर शाळेत एक पद्धत आणि क्लासात दुसरी, पोरगी मधल्यामध्ये गोंधळते.