वेशीवरची ढाल आणि ऑइल पेंटचा डबा

प्रश्न : रेवदंड्याच्या वेशीवर मुकुटाखाली कोरलेली ढाल आंग्र्यांची का?
उत्तर : नाही, पोर्तुगालच्या राजाची. आत पाच छोट्या ढाली, कडेने सात किल्ले. झिजले नसतील तर मोजून घ्या.

प्रश्न : जंजिऱ्याच्या दरवाजावरचा हत्ती धरलेला वाघ हे तिथलं शहरचिन्ह का? वाटाड्या म्हणाला, सहा हत्ती म्हणजे सहा सत्ता.
उत्तर : शहरचिन्ह नव्हे. तो शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, दख्खनच्या कितीतरी किल्ल्यांच्या दारावर दिसतो. त्या सहा सत्तांची नावं वाटाड्याला विचारा. दर होडीला यादी बदलते.

प्रश्न : आडनाव सांगितलं की 'घराण्याचं राजचिन्ह' फ्रेम करून देतात. घ्यावं का?
उत्तर : शोभेला घ्या, पुरावा म्हणून नको. युरोपातही ढाल माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळते, आडनावाला नाही. आपल्याकडच्या बऱ्याच संस्थानिकांच्या ढाली 1877च्या दिल्ली दरबारासाठी रॉबर्ट टेलर या बंगालच्या सनदी अधिकाऱ्याने आखल्या. घरात जुनी सनद असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात दाखवा, फ्रेमवाल्याला नको.

प्रश्न : किल्ल्यावरची पुसट ढाल आमची मुलं शिवजयंतीआधी ऑइल पेंटने उठावदार करणार आहेत. कोणता रंग टिकेल?
उत्तर : कोणताच नाही, आणि डबा आजच दुकानात परत करा. हे पत्र मला दर वर्षी येतं, बहुतेक वेळा रंग वाळल्यावर. खाऱ्या वाऱ्याचं मीठ दगडाच्या छिद्रांत शिरतं. पाऊस गेला, दगड सुकला की तिथेच मिठाचे खडे होतात, फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. उघड्या दगडात ओल निदान बाहेर पडते. रंगाने तोंड बंद केलं की मीठ रंगाखाली साचतं आणि दोनचार पावसाळ्यांत रंगाची खपली निघते ती किल्ल्याची नक्षी घेऊनच. सिमेंटचं तेच. फोटोसाठी खडू फिरवू नका, ॲसिडनेही घासू नका. संध्याकाळी तिरपा टॉर्च मारा, सगळं दिसतं, फुकट. शिवाय संरक्षित वास्तूला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. उत्तर उशिरा येतं, मलाही चीड येते. तरी हात लावू नका.

प्रश्न : मच्छीमार सोसायटीच्या बोधचिन्हात चार सिंह घ्यावेत का?
उत्तर : नाही. ते भारताचं राजचिन्ह, त्याचा गैरवापर रोखणारा 2005चा कायदा आडवा येतो. पापलेट घ्या, आणि तेही छापण्याआधी वकिलाला दाखवा.