हात राखून मारणारा सुपरमॅन आणि मुकाट सोसणारा मुलगा

‘चांगलं वागणाराच मार खातो, असं मुलगा म्हणायला लागलाय. काय करावं?’ असं पालक बरेचदा विचारतात. अशाच एका १४ वर्षांच्या मुलाकडे पुरावाही तयार होता. सुपरमॅनच्या गोष्टीतला खलनायक झॉड सुपरमॅनइतकाच ताकदवान, दोघेही क्रिप्टॉन ग्रहाचे. तरी सुपरमॅन हात राखून लढतो म्हणून मार खातो. इकडे मुलगा स्वतः आपल्याच अंगकाठीच्या एका वर्गमित्राची ढकलाढकली निमूट सोसत होता.

‘ते सगळं खोटं असतं रे’ म्हटलं की मूल गप्प होतं. म्हणून मारामारीच कागदावर घेतली. रकाने तीन: नायकाने काय टाळलं, का टाळलं, किती महागात पडलं.

‘जीव घ्यायचा नाही’ हा नियम प्रत्यक्ष लढतीत फारसा आड येत नाही. त्याची किंमत नंतर कळते, खलनायक पुन्हा उभा राहतो तेव्हा. महाग पडतं ते आजूबाजूच्यांना सांभाळणं, कारण त्यात लक्ष दोन ठिकाणी जातं आणि खलनायक नेमका गर्दीवरच वार करतो. ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये (२०१३) झॉड हेच करतो, एका कुटुंबाला वाचवायला सुपरमॅन त्याची मान मोडतो, म्हणजे तिथे पहिला नियमही तुटतो. तिसरी गोष्ट सवयीची. एरवी समोरचा नाजूक म्हणून जोर मोजायचा, आणि तुल्यबळ समोर आला तरी पहिले ठोसे मोजूनच पडतात. अंदाज येईपर्यंत मार खाऊन झालेला असतो.

मुलाची पेन्सिल इथे थांबली. “म्हणजे न मारणं हा नियम, आणि हळू मारणं नुसती सवय?”

मग तेच रकाने त्याच्या वर्गासाठी भरले. ‘हात उचलायचा नाही’ हा नियम, तो ठेवला. मान खाली घालणं, पुटपुटणं, घरी न सांगणं या सवयी निघाल्या. सराव त्यांच्यावर केला: दोन हात अंतर, पाय जमिनीवर घट्ट, आणि ‘वही खाली ठेव’ असं एखादंच छोटं वाक्य, फार तर दोनदा. ‘असं का करतोस?’ नको, प्रश्न विचारला की समोरच्याला बोलायची आयती संधी मिळते. मग तिथून निघायचं, मोठी माणसं असतील तिकडे. त्याच दिवशी वेळ, जागा, काय झालं, कोणी पाहिलं हे लिहून वर्गशिक्षकांना द्यायचं.

सराव फसतो तो बहुधा आवाजात. घरी कुजबुजत केला की वर्गात आवाज चिरकतो, म्हणून तो मोठ्याने, उभं राहून करायचा. घाबरून येणारं हसूही घात करतं. समोरच्याला ती गंमत वाटते. शिवाय पालक आधी त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी फोन करतात. भांडण मोठ्यांचं होतं आणि मूल पुढच्या वेळी काही सांगत नाही.

मुलाचा आवाज पहिल्यांदा चिरकलाच. पण तारीख-वेळेसह लिहिलेला कागद पाहून शिक्षकांनी दोघांच्या जागा बदलल्या, मधल्या सुट्टीत लक्ष ठेवलं. समोर टोळकं असेल, धमकी किंवा हत्यार असेल, तर मात्र हा सराव करायचाच नाही. तिथून निघायचं आणि थेट मोठ्यांना गाठायचं.