पहिल्यांदाच पाटी लिहिताय? एवढं बघा

दुकानाची पाटी तुम्ही स्वतः लिहिताय हे फार छान. सुरुवातीला व्याकरणाचं पुस्तक उघडायची गरज नाही. लोक हसतात ते ठरावीक चुकांना.

सगळ्यात मोठी चूक विशेषणाच्या जागेची. ‘शुद्ध गाईचे तूप’ लिहिलं की शुद्ध गाय ठरते, तूप नाही. विशेषण वस्तूला चिकटवा: ‘गाईचे शुद्ध तूप’, ‘उसाचा थंड रस’. चांगलं मराठी येणारी माणसंसुद्धा इथे घसरतात, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

मग ऱ्हस्व-दीर्घ. ‘पाणि’ म्हणजे हात, ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘सुत’ म्हणजे मुलगा. तुम्हाला हवंय पाणी, दिन आणि सूत. ‘आचाऱ्यांसाठी’ आणि ‘आचार्यांसाठी’ यातही स्वयंपाकघर आणि गुरुकुल एवढं अंतर आहे. हा ऱ्य फ्लेक्सवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये हमखास मोडतो, म्हणून मजकूर युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होतं त्या पद्धतीत) द्या आणि छापण्याआधी प्रूफ मागा. प्रूफ मोबाइलवर मोठं करून एकेक अक्षर वाचा.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘येथे कचरा टाकू’ वरच्या ओळीत आणि ‘नये’ खाली गेलं, त्यापुढे स्कूटर लागली, की पाटी उलटं सांगते. ‘टाकू नये’ एकाच ओळीत, एकाच आकारात ठेवा. दहा मीटरवरून वाचायचं असेल तर अक्षर निदान ४ सेंटिमीटर उंच हवं.

इंग्रजीवरून यंत्राने केलेलं भाषांतर थेट छापू नका, नाहीतर ‘ओला मजला’ येतो. ‘फरशी ओली आहे, जपून चाला’ लिहा.

रंगसंगती, अक्षरवळण हे सगळं नंतर. आधी मजकूर घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. ते जिथे अडखळतील तिथे दुरुस्ती करा.