वर वाशिष्ठी, खाली दाभोळची खाडी

प्रश्न असा: 'वाशिष्ठी नदी आणि दाभोळची खाडी एकच ना? मग नावं दोन कशाला? आणि नदी संपून खाडी नक्की कुठे सुरू होते?'

पाणी एकच. पण त्याला नाव देणारी माणसं दोन बाजूंनी आली, असं मला वाटतं. सह्याद्रीच्या पायथ्याची माणसं उगमाकडून खाली बघतात. त्यांनी नदीला नाव दिलं, तेही बरेचदा पुराणातलं: सावित्री, वाशिष्ठी, मुचकुंदी, अर्जुना. तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, येतो समुद्राकडून. त्याला आधी दिसतो किल्ला नाहीतर बंदर, आणि त्या खुणेवर गलबत आत घालायचं. म्हणून खाडी बंदराच्या नावाची. सावित्रीची ती बाणकोटची, शास्त्रीची जयगडची, काजळीची भाट्याची, मुचकुंदीची पूर्णगडची. तेरेखोलचा प्रकार थोडा वेगळा: वर बांद्याला ती बांद्याची नदी, खाली तेरेखोल. दोन्हीकडे गावाचंच नाव.

आता हद्दीचं. भरती जिथवर चढते तिथवर खाडी, असं म्हणून मोकळं होता येतं. पण भरती पुष्कळदा वरच्या गोड्या पाण्याला नुसती तुंबवते, खारट करत नाही. त्या पट्ट्याला काय म्हणायचं? आमच्याकडे याचा निवाडा धुण्याच्या दगडावर व्हायचा. आजी लुगड्याच्या पदराला साबण घासायची. फेस आला तर नदी. साबण दह्यासारखा फुटून कापडाला चिकटला, तर 'खाडी वर आली गो' म्हणून बादली उचलून वरच्या पाणवठ्यावर. वैशाखात ही हद्द वर सरकते, आषाढात पूर तिला पार खाली ढकलतो. मधल्या पाण्याला शब्द आहे 'मचूळ', आणि तो चवीवरूनच आलेला असणार, कारण तोंडात घेतल्याशिवाय तो कळत नाही.

वाशिष्ठीचं आणखी एक आहे. पोफळीकडून कोयनेच्या वीजघरांचं अवजल, म्हणजे वीज करून सोडून दिलेलं पाणी, तिच्यात येतं, म्हणजे घाटावर पडून कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जायचं पाणी दाभोळला अरबी समुद्रात उतरतं. त्यामुळे शेजारच्या नद्या शिमग्यानंतर दगड दाखवू लागल्या तरी ही वाहती असते. २२ जुलै २०२१ ला तिच्या काठचं चिपळूण बुडालं तेव्हा पावसाइतकंच लोक भरतीबद्दल बोलत होते. समुद्रापासून इतक्या आतल्या शहराला भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं लागतं, यावरूनच खाडी कुठवर पोचते ते समजा.

एक विनंती मात्र मनापासून. बातम्यांत हल्ली 'खाडी देश' आणि 'बंगालची खाडी' दिसते. हिंदीत ते बरोबर आहे, मराठीत नाही. आपल्याकडे अरबांचं ते आखात आणि बंगालचा तो उपसागर. दोन्ही शब्द नीट रुळलेले असताना कोकणातला हा शब्द एवढा ताणायची गरज नाही. दाभोळला फेरीबोटीत गाडी चढवायची आणि समोर दिसणाऱ्या धोपाव्याला काही मिनिटांत उतरायचं, ती खाडी.